पिंपरीचं पेनिसिलिन आणि बाबांचा ताप

शनिवार सकाळ, ऑन-कॉल नाही, आणि चहाचा दुसरा कप. या विषयावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण दोन परिच्छेद झाले की फाईल बंद करायचो. आज पूर्ण करतोच. विषय तसा इतिहासाचा आहे, पण सुरुवात घरापासून करावी लागेल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबा चाकणला एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला होते. वय सत्तावन्न, थोडी शुगर, बाकी ठणठणीत. एका बुधवारी पत्र्याची कड नडगीला लागली. दोन इंचांची जखम. फर्स्ट एडच्या पेटीतून ड्रेसिंग झालं, टीटीचं इंजेक्शन झालं, आणि बाबा नेहमीच्या बसने घरी आले. शनिवारी रात्री हुडहुडी भरून ताप आला. क्रोसिन दिली. रविवारी सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "आज गुरुवार ना? मला फर्स्ट शिफ्ट आहे."

मी हसलो. "बाबा, रविवारी कसली शिफ्ट? कंपनीने फार पिळून घेतलेलं दिसतंय तुम्हाला."

आई हसली नाही. ती म्हणाली, "अरे, हे असं कधी बोलत नाहीत रे."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

दुपारपर्यंत श्वास जोरजोरात सुरू झाला, सकाळपासून लघवीला गेले नव्हते, हातपाय गार. रिक्षाने हॉस्पिटल गाठलं तेव्हा वरचं ब्लड प्रेशर ऐंशीच्या खाली होतं. रात्री डॉक्टरांनी बाहेर येऊन एक शब्द सांगितला, 'सेप्सिस'. मी इंजिनिअर माणूस, फोनवर शोधायला लागलो. आई मात्र शेजारच्या बाकावरच्या बाईंना सांगत होती, "रक्तात विष भिनलंय म्हणतात." तिचं भाषांतर माझ्या शोधापेक्षा आधी झालं होतं.

एकोणीस दिवस हॉस्पिटल, त्यातले अकरा आयसीयूत. बाबा घरी आले. इथे गोष्ट संपायला हवी होती. तशी ती संपली नाही, पण ते नंतर.

त्या अकरा दिवसांत आयसीयूबाहेर बसून मला एकच गोष्ट खात होती. माझे आजोबा साठच्या दशकात पिंपरीच्या एच.ए.मध्ये लागले आणि तिथूनच रिटायर झाले. एच.ए. म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. पिंपरीतल्या जुन्या लोकांसाठी सरळ 'पेनिसिलिन फॅक्टरी'. ज्या घराची चूल पेनिसिलिनवर पेटली, त्या घरातल्या शिकलेल्या मुलाला रक्तात भिनलेलं विष समोर दिसत असताना विनोद सुचला. तेव्हापासून या विषयाच्या इतिहासात डोकं घातलंय.

तर मंडळी, थोडं मागे जाऊ.

'सेप्सिस' हा शब्द ग्रीक आहे आणि अडीच हजार वर्षं जुना आहे. मूळ अर्थ सडणं, नासणं. आपल्याकडे 'जखम सेप्टिक झाली' असं अगदी खेड्यातली आजीसुद्धा म्हणते. पण 'सेप्टिक' आणि 'सेप्सिस' यांत फरक आहे. जखमेत पू झाला तर ते इन्फेक्शन. त्या इन्फेक्शनशी लढताना शरीराचाच ताळतंत्र सुटला आणि शरीर स्वतःचीच किडनी, फुप्फुसं, मेंदू बिघडवायला लागलं, तर तो सेप्सिस. २०१६ साली तज्ज्ञांनी जी व्याख्या पक्की केली तिचा मथितार्थ हाच आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर बगपेक्षा एरर हँडलिंगनेच सर्व्हर पाडला. सुरुवात कशानेही होऊ शकते: न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, फुटलेलं अपेंडिक्स, बाळंतपण, किंवा नडगीवरची दोन इंची जखम.

बाळंतपणाचं उदाहरण जगाच्या इतिहासात सगळ्यात करुण आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात १८४०च्या दशकात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरायच्या. कारण कुणाला कळेना. १८४७ मध्ये याकोब कोलेट्श्का नावाच्या डॉक्टरला शवविच्छेदन करताना बोटाला सुरी लागली आणि तो तापाने गेला. त्याचा मित्र इग्नाझ सेमेलवाइस याने रिपोर्ट वाचला आणि त्याच्या लक्षात आलं की मित्राच्या शरीरात जे दिसलं तेच या बायकांच्या शरीरात दिसतं. म्हणजे प्रेतांवरून डॉक्टरांच्या हाताला लागून काहीतरी बाळंतिणींपर्यंत जात होतं. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. दहा टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू १८४८ मध्ये दोन टक्क्यांच्या खाली आले. पण वरिष्ठांना काही ते पचलं नाही. सेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात मेला, आणि तोही जखम चिघळूनच.

हे सगळं फार जुनं, फार लांबचं वाटतं ना? मग एक जवळचं उदाहरण. स्मिता पाटील. २८ नोव्हेंबर १९८६ ला मुलगा झाला, १३ डिसेंबरला त्या गेल्या. वय एकतीस. बाळंतपणानंतरची गुंतागुंत, असं आपण ऐकत आलो. त्या गुंतागुंतीचं नाव सूतिका-सेप्सिस असं दिलं जातं. पेनिसिलिन येऊन तोवर चाळीसहून जास्त वर्षं झाली होती, आणि घटना मुंबईतली.

आता पेनिसिलिनकडे. अलेक्झांडर फ्लेमिंग, १९२८, बुरशी लागलेली बशी, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण त्या बुरशीचं औषध व्हायला पुढची बारा-तेरा वर्षं गेली. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ते शुद्ध करायची खटपट केली. १२ फेब्रुवारी १९४१ ला आल्बर्ट अलेक्झांडर या त्रेचाळीस वर्षांच्या पोलिसाला पहिलं इंजेक्शन दिलं. त्याला झाला होता तो सेप्सिसच, चेहऱ्यावरच्या जखमेतून पसरलेला. गुलाबाचा काटा लागला अशी गोष्ट सांगतात. पुढे त्याच्या मुलीने सांगितलं की जखम बॉम्बहल्ल्यातली होती. काही असो, माणूस दोन-चार दिवसांत सुधारला, जेवायला लागला. आणि औषध संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत गाळून काढलं, पुन्हा दिलं, तेही संपलं. १५ मार्चला तो गेला. औषध काम करत होतं, पण पुरेसं बनवता येत नव्हतं.

म्हणजे प्रॉब्लेम आता विज्ञानाचा उरला नव्हता, प्रॉडक्शनचा झाला होता. तो अमेरिकेत सुटला. इलिनॉयमधल्या पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे मक्याच्या स्टार्च उद्योगात उरणारं पाणी बुरशीला खाऊ घातलं की ती भरभरून पेनिसिलिन देते हे कळलं. दुसरी म्हणजे बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर जास्त उत्पादन देणारी बुरशी सापडली. बशांच्या जागी हजारो लिटरच्या टाक्या आल्या. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तेव्हा त्यांच्यासाठी पुरेसं पेनिसिलिन तयार होतं.

भारत स्वतंत्र झाला तेव्हा आपल्याकडे हे औषध बाहेरून यायचं. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक राहिलेले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेत गेलेले साहिब सिंग सोखी यांच्यासारखी माणसं औषधं देशातच बनली पाहिजेत यासाठी आग्रह धरून होती. १९५१ मध्ये भारत सरकारचा युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेशी करार झाला. यंत्रसामग्री युनिसेफची, तंत्रज्ञ आरोग्य संघटनेचे. जागा ठरली पिंपरी. मार्च १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन बाहेर पडायला लागलं.

तेव्हा पिंपरी म्हणजे काय होतं याची कल्पना करा. एमआयडीसी आली १९६२ मध्ये. नगरपालिका १९७० मध्ये, महानगरपालिका १९८२ मध्ये. म्हणजे आज आपण ज्याला ऑटो हब म्हणतो, जिथे आयटीवाले ईएमआय भरतात, त्या गावाने पहिलं नाव कमावलं ते गाड्यांवर नाही, औषधावर.

आजोबा फर्मेंटेशनला होते. लहानपणी ते सांगायचे त्यातलं एक पक्कं आठवतं. टाकीतली बुरशी वाढवायला हवा सोडावी लागते, ढवळत राहावं लागतं, तापमान धरून ठेवावं लागतं. आणि या सगळ्यात बाहेरचा एक जंतू जरी शिरला, तरी तो पेनिसिलिन खाऊन टाकणारा असू शकतो. मग अख्खी बॅच गटारात. म्हणून पाईप वाफेने धुवायचे, हवा गाळून घ्यायची, व्हॉल्व्ह दहादा तपासायचे. आजोबांच्या हाताला घरीसुद्धा तीच सवय होती. आम्ही खेळून आलो की हात धुतल्याशिवाय ताटावर बसू देत नसत.

एच.ए. नुसतं बाहेरचं तंत्र वापरत बसली नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी बुरशीजन्य रोगांवर एक औषध शोधलं. नाव 'हामायसिन', कंपनीच्याच नावावरून. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याचं शास्त्रीय नाव 'स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना'. आपल्या पिंपरीचं नाव लॅटिन होऊन जगाच्या सूक्ष्मजीवांच्या यादीत जाऊन बसलंय! ट्रॅफिकमध्ये अडकलात की हे आठवा, तेवढंच बरं वाटेल :)

पुढची गोष्ट मात्र तेवढी आनंदाची नाही. नव्वदच्या दशकात बाहेरून स्वस्त माल यायला लागला, कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली, कामगारांचे पगार थकले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देणी भागवायला जादा जमीन विकायला मंजुरी दिली. गंमत अशी की मार्च २०२० मध्ये, कोविडच्या तोंडावर, औषधांचा कच्चा माल देशात बनावा म्हणून सरकारने जी प्रोत्साहन योजना जाहीर केली, तिच्या यादीत पेनिसिलिन-जी होतं. १९५५ मध्ये जे आपण पिंपरीत करत होतो, ते पुन्हा शिकायची वेळ आली.

असो. मूळ मुद्द्याकडे येतो. औषध आहे, पासष्ट-सत्तर वर्षं देशात आहे, मग माणसं सेप्सिसने का मरतात? २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक गेले. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमध्ये एक. आणि पेपरात आपण वाचतो काय? 'अवयव निकामी झाल्याने निधन.' कशामुळे निकामी झाले, ते बातमीत नसतंच.

एक कारण, काही जंतू आता जुन्या औषधांना दाद देत नाहीत. सर्दीला अँटिबायोटिक खाणं आणि पाच दिवसांचा कोर्स दोन दिवसांत सोडणं, यात आपण सगळे थोडेथोडे सामील आहोत. पण दुसरं कारण मला जास्त छळतं. वेळ. अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २००६ मध्ये आला. ब्लड प्रेशर कोसळल्यावर योग्य अँटिबायोटिक द्यायला जितके तास उशीर, तितकी तासागणिक वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी कमी होत गेली होती. तास, बरं का. आणि मी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघितली होती.

वेळेचं हे गणित आपल्याच महाराष्ट्रात कुणी सोडवलं, तर ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ३९ गावांत १९९५ ते १९९८ या काळात घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. गावातल्याच बायकांना शिकवलं. हॉस्पिटल लांब, रस्ते नाहीत, आणि बाळाचा सेप्सिस काही एस.टी.साठी थांबत नाही. मग या बायकांनी तो ओळखायचा कसा? ना लॅब, ना मॉनिटर. त्यांनी बघायच्या खुणा अगदी साध्या होत्या. आधी नीट रडणारं बाळ आता क्षीण रडतंय का? आधी नीट दूध ओढणारं आता ओढत नाही का? अंग सैल पडलंय का? अशा खुणा जुळल्या की आईबापांच्या संमतीने घरातच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने औषध. सेप्सिस झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. तिसऱ्या वर्षी त्या गावांत हजारी २५.५ नवजात बाळं दगावली, तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत ५९.६. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ पासून देशभरातल्या आशाताई नवजात बाळांसाठी घरोघर जातात, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

त्या खुणा परत वाचा. प्रत्येकीत 'आधी' आणि 'आता' आहे. आधी रडत होतं, आता रडत नाही. म्हणजे त्या बायका आकड्यापेक्षा बदल शोधत होत्या. आणि बदल कुणाला कळतो? ज्याने आधीचं पाहिलंय त्याला. म्हणजे आईला.

"अरे, हे असं कधी बोलत नाहीत रे."

माझ्या आईचं शिक्षण अकरावी. गडचिरोलीतल्या कुठल्याही आरोग्यदूताने जी खूण वहीत टिपली असती, ती तिने चहाच्या टेबलावर बोलून दाखवली होती. माझ्यासारख्या चोवीस तास अलर्टकडे डोळे लावून बसणाऱ्याने तो अलर्ट हसून बंद केला.

म्हणून मोठ्या माणसांच्या खुणा इथे लिहून ठेवतो. कुठलंही इन्फेक्शन असताना किंवा असल्याचा संशय असताना: बोलण्यात असंबद्धपणा किंवा न उठवण्यासारखी गुंगी, जोराने चालणारा श्वास, भयंकर हुडहुडी किंवा अंग उलट गार पडणं, दिवसभर लघवी न होणं, कातडी फिकट किंवा निळसर-डागाळलेली, आणि 'आता मी काही वाचत नाही' असं वाटण्याइतका थकवा. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. हॉस्पिटलात पोचल्यावर तोंड उघडून विचारा, "डॉक्टर, हा सेप्सिस असू शकतो का?" डॉक्टर नाही म्हणाले तर उत्तमच. विचारण्यात कमीपणा नाही.

आता ते 'नंतर' म्हणून ठेवलेलं.

इतिहासात वाचलेल्या माणसाची गोष्ट डिस्चार्जपाशी थांबते. अमेरिकेत १९४२ मध्ये ॲन मिलर या बाईला गर्भपातानंतरच्या सेप्सिसमधून पेनिसिलिनने परत आणलं. त्या पुढे नव्वद वर्षांच्या होऊन १९९९ मध्ये गेल्या. चमत्कारच. पण वाचलेल्या हजारोंचं पुढे काय होतं, हे मोजायला जगाला फार वेळ लागला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास आला. विचार आणि स्मरणशक्तीत मध्यम ते गंभीर बिघाड असलेल्यांचं प्रमाण सेप्सिसच्या आधी ६.१ टक्के होतं, नंतर १६.७ टक्के झालं. हातापायांची ताकदही घटलेली, आणि हे सगळं वर्षानुवर्षं टिकणारं. २०१७ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने सेप्सिसवर ठराव केला, दरवर्षी १३ सप्टेंबरला जागतिक सेप्सिस दिन असतो. पण बाबांच्या डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या होत्या आणि 'दोन आठवड्यांनी दाखवणे' होतं. पुढे काय होऊ शकतं, याची एक ओळ नव्हती.

जे झालं ते असं. तिसऱ्या महिन्यात केस मूठमूठ गळले. एक जिना चढून बाबा पायरीवर बसायचे. रात्री दचकून उठायचे, छतावर माणसं चालतात म्हणायचे. ते आयसीयूतले भास होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्यांनी तीस वर्षं व्हर्नियर हातात धरला, त्यांना रीडिंग घेतल्यावर कागदावर लिहीपर्यंत आकडा आठवेना. कामावर परत गेले तेव्हा दोन लॉट चुकीचे पास झाले. कुणी काही बोललं नाही म्हणे, पण कुणीतरी हसलं. "आता तर बरे झालात ना साहेब?" बाबांनी तीन महिन्यांत राजीनामा दिला. घरी सांगितलं, कंटाळा आला.

खरं कारण मला वर्षभराने कळलं, तेही त्यांची खिशातली छोटी डायरी चुकून हातात आली तेव्हा. तिच्यात पानोपानी लिहिलं होतं: गॅस बंद केला. किल्ली हुकला लावली. सुनेचं नाव. माझ्या सोसायटीच्या गेटचा कोड. आणि एका पानावर, 'रवि. ला विचारायचे, मी वेडा होतोय का.' रवि. म्हणजे रविवारी. मी घरी असतो तेव्हा. त्यांनी कधी विचारलं नाही.

मग मीच विचारलं. २०१० चा तो अभ्यास मी त्यांना मराठीत समजावून सांगितला, आकड्यांसकट. बाबा क्वालिटीचा माणूस, आकडे शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "म्हणजे हा आजाराचाच भाग आहे? माझा दोष नाही?" त्या दिवशी दुपारी ते बऱ्याच दिवसांनी सलग दोन तास झोपले.

फिजिओथेरपी चालू आहे. रोजचं शब्दकोडं चालू आहे. डायरी आहेच, पण आता ती टेबलावर उघडी असते. मागच्या रविवारी आम्ही दोघं एच.ए.च्या भिंतीच्या कडेने चालत गेलो. बाबांनी आजोबांचा तिकीट नंबर अचूक सांगितला, मग घरी परतताना रस्ता कुठे वळायचा ते विसरले. मी वळलो, ते मागोमाग आले.

तुमच्या घरात, सोसायटीत, लाईनवर किंवा टीममध्ये कुणी आयसीयूतून परत आलेलं असेल, तर 'बरे झालात ना' म्हणून विषय संपवू नका. झोप लागते का, लक्षात राहतं का, जिना चढवतो का, एवढं विचारा. आणि उत्तर ऐकायला थांबा.

चहा गार झाला. बाबांचा फोन येतोय, कोड्यात आडवे सात अडलंय म्हणे.

पुढच्या शनिवारी भेटूच.